रिकामं छपाईयंत्र आणि शंभर पानं: 'टोपोलिनो'चं १९४९ सालचं प्रकरण

एप्रिल १९४९. इटलीत पेपरच्या स्टॉलवर दर आठवड्याला येणारं 'टोपोलिनो' हे मोठ्या पानांचं साप्ताहिक ७३८व्या अंकावर थांबलं. त्याच महिन्यात त्याच नावाचं, शंभर पानांचं, एका हातात मावणारं मासिक साठ लिरांना विकायला आलं. अंकाचा क्रमांक पुन्हा एकपासून. आतला नायक मात्र जुनाच, अमेरिकेचा मिकी माऊस. इटलीतली मुलं त्याला टोपोलिनो म्हणतात, म्हणजे छोटुकला उंदीर.

आज जगात छापल्या जाणाऱ्या डिस्ने कॉमिक्सचा फार मोठा भाग इटलीत रचला जातो. अमेरिकेत जन्मलेली ही पात्रं दुसऱ्या एका देशात इतकी घरची कशी झाली, याचं उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा या एकाच निर्णयापाशी येऊन थांबतो. निर्णय छपाईच्या सोयीसाठी घेतला गेला होता. त्यातून निर्माण झालेला प्रश्न लेखक-चित्रकारांनी सोडवला, आणि त्यांचीच नावं छापायची राहून गेली. ज्यांची नावं कॉमिक्सच्या इतिहासात नोंदली गेली आहेत तेवढीच इथे घेतली आहेत. बाकी कचेरीतली आणि छापखान्यातली माणसं त्यांच्या कामावरूनच ओळखायची आहेत.

पार्श्वभूमी

'टोपोलिनो' सुरू केलं फ्लोरेन्सच्या नेर्बिनी या प्रकाशकाने, ३१ डिसेंबर १९३२ रोजी. पात्रांचे हक्क कोणाकडे, यावरून पहिल्या काही अंकांतच भांडण झालं आणि मिटलं. १९३५ मध्ये साप्ताहिक मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाकडे गेलं. मोंदादोरीकडे भांडवल होतं, वेरोनाला स्वतःचा मोठा छापखाना होता, आणि फेदेरिको पेद्रोक्की होते. पेद्रोक्की लिहायचे, चित्रं काढायचे, संपादनही करायचे. डोनाल्ड डक अजून अमेरिकेतही बहुतेक चार चौकटींच्या विनोदांपुरताच होता, तेव्हा १९३७च्या शेवटी त्यांनी त्याला घेऊन मंगळावरची एक लांबलचक साहसकथा सुरू केली. परवाना अमेरिकेचा असला तरी त्यात नव्या गोष्टी रचायला जागा आहे, हे त्यांनी युद्धाआधीच दाखवून दिलं होतं.

मग राजकारण आडवं आलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये फॅसिस्ट सरकारने परदेशी कॉमिक्सवर बंदी घातली, पण डिस्नेला त्यातून वगळलं. अमेरिकेशी युद्ध पेटल्यावर ती सवलतही टिकली नाही. १९४२च्या सुरुवातीला उंदराच्या जागी 'तुफोलिनो' नावाचा एक माणसाचा पोरगा आला. साप्ताहिकाच्या माथ्यावर नाव टोपोलिनो आणि आत टोपोलिनो नाही, अशी ती अवस्था होती. १९४३च्या डिसेंबरात तेही बंद पडलं. जानेवारी १९४५ मध्ये पेद्रोक्की ज्या आगगाडीत होते तिच्यावर दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी गोळीबार केला आणि त्यात ते गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साप्ताहिक पुन्हा निघालं, तेव्हा ज्याला हे काम सगळ्या बाजूंनी कळत होतं तो माणूस उरला नव्हता.

अडचण

अडचणी दोन होत्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या खात्यांच्या होत्या.

पहिली विक्रीची. युद्धानंतर मोठ्या पानांची कॉमिक साप्ताहिकं मागे पडू लागली. मुलांच्या हातात स्वस्त, छोटे, पट्टीसारखे आडवे अंक आले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्याच आकारात 'टेक्स' हा काउबॉय आला, आणि तो इटलीत आजही वाचला जातो. खिशात मावणारा अंक शाळेत नेता येतो, मित्राशी अदलाबदल करता येतो. वर्तमानपत्राएवढा कागद दोन दिवसांत फाटतो, नाहीतर त्यात कोणीतरी काहीतरी गुंडाळतं.

दुसरी अडचण छापखान्याची. मोंदादोरीने 'रीडर्स डायजेस्ट'ची इटालियन आवृत्ती काढायला घेतली होती आणि तिच्या छोट्या आकारासाठी यंत्रसामग्री उभी केली होती. पण त्या एका मासिकाने यंत्राला पुरेसं काम मिळत नव्हतं. एवढं महाग यंत्र रिकामं बसलं की त्याचा खर्च दररोज अंगावर येतो. मुद्रणाच्या धंद्यात ज्यांनी थोडे दिवस काढले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोन्ही अडचणींवर एकच तोडगा दिसत होता: टोपोलिनोला डायजेस्टच्या आकारात बसवायचं. खरी कसोटी त्यानंतर सुरू होणार होती. मोठ्या आकाराच्या साप्ताहिकाला थोडी पानं पुरत. या मासिकाला दर महिन्याला शंभर लागणार होती.

समोरच्या वाटा

काही न बदलता साप्ताहिक चालू ठेवणं हा एक मार्ग होता. त्याने वाचक हळूहळू गळत गेले असते आणि यंत्र रिकामंच राहिलं असतं. दुसरा मार्ग म्हणजे पट्टीच्या आकारात शिरणं. तो स्वस्त होता, पण तिथे गर्दी झाली होती, आणि त्या आकारात एका पानावर दोन-तीन चौकटींपलीकडे काही मावत नाही. डिस्नेची पात्रं अंगाने बोलतात. धावतात, आपटतात, पंख फडफडवतात. त्यांना आडव्या पट्टीत कोंबणं मला तरी चूकच वाटलं असतं.

राहिला डायजेस्टचा आकार. तो धरला की पोटप्रश्न येतो: पानं भरायची कशाने? याचीही दोन उत्तरं होती, आणि माझ्या मते या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच.

एक उत्तर, सगळं अमेरिकेतून आणायचं. माल उत्तम होता. फ्लॉइड गॉटफ्रेडसन यांच्या मिकीच्या दैनिक पट्ट्या होत्या, कार्ल बार्क्स यांच्या बदकांच्या कथा होत्या. पण गॉटफ्रेडसन यांचं काम वर्तमानपत्रांतल्या पट्टीसाठी बेतलेलं, आणि बार्क्स यांचं पान चार ओळींचं. डायजेस्टच्या पानावर तीनच ओळी नीट मावतात. म्हणजे प्रत्येक कथा कापायची, चौकटी उचलून नव्या पानावर मांडायच्या, कुठे चित्र वाढवायचं, कुठे छाटायचं. हे काम पुढे इटलीत वर्षानुवर्षं चाललं. ते करणारी माणसं कसबी असावीत, पण कापाकापी ती कापाकापीच. लेखकाने पान उलटताना वाचकाला दचकवायचं म्हणून जी चौकट शेवटी ठेवली, ती नव्या मांडणीत पानाच्या मधोमध येऊन पडते.

दुसरं उत्तर, या आकाराला साजेसं घरीच रचायचं. त्यासाठी लेखक हवेत, चित्रकार हवेत, आणि डोनाल्डची चोच कोणत्या कोनातून कशी दिसते हे हाताला माहीत असायला हवं. ते एका महिन्यात शिकून होत नाही.

काय केलं

मोंदादोरीने दोन्ही केलं. पानांचा मोठा भाग अमेरिकन कथांनी भरला, आणि सोबत घरचं काम सुरू ठेवलं. खर्च आटोक्यात राहावा म्हणून रंग सगळीकडे दिला नाही. दोन पानं रंगीत, मग दोन काळीपांढरी, असा क्रम धरला. नव्या मासिकाचे संपादक झाले मारिओ जेन्तिलिनी, आणि पुढची तीसेक वर्षं ते त्या जागी राहिले. या सातत्याचं मोल मला फार वाटतं. दर दोन वर्षांनी संपादक बदलला असता तर घरच्या चित्रकारांना शिकायला, चुकायला आणि सुधारायला वेळच मिळाला नसता.

एक जोडी मात्र तयार होती. जुन्या साप्ताहिकाच्या अखेरच्या महिन्यांत गुइदो मार्तिना आणि आंजेलो बियोलेत्तो यांनी टोपोलिनोची एक पांढऱ्या नागाची कथा क्रमशः दिली होती. मार्तिना पिएमोन्ते प्रांतातले, साहित्य शिकलेले, युद्धात जर्मनांच्या छावणीत राहून आलेले. बियोलेत्तो तुरिनचे. १९३०च्या दशकात चॉकलेट आणि पास्त्याबरोबर मिळणाऱ्या रंगीत चित्रपत्त्यांचं वेड सगळ्या देशाला लागलं होतं. त्या पत्त्यांतला सर्वांत दुर्मिळ पत्ता, 'क्रूर सलादिन', त्यांच्याच हातचा. म्हणजे इटलीच्या घराघरांत त्यांचं चित्र पोचलेलं होतं.

या दोघांना जे करू दिलं गेलं, तो या प्रकरणातला दुसरा महत्त्वाचा निर्णय. नवं मासिक सहा महिन्यांचं झालं होतं. सातव्या अंकात, ऑक्टोबर १९४९ मध्ये, 'टोपोलिनोचा नरक' सुरू झाला. मिकी आणि त्याचा मित्र गूफी रंगभूमीवर दांते या महाकवीच्या नरकयात्रेच्या काव्यावरचं नाटक करत असतात. मिकी दांते, गूफी त्या काव्यातला त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल. त्यांचा जुना वैरी एका संमोहनकाराला हाताशी धरतो, आणि दोघांना आपण खरोखरच दांते आणि व्हर्जिल आहोत असं वाटू लागतं. मग ते दांतेचा ग्रंथ उघडून बसतात आणि थेट नरकात जाऊन पोचतात. सहा अंक ही यात्रा चालली. चित्रांखाली मार्तिनांचे श्लोक होते, आणि तेही दांतेच्याच बांधणीत: तीन ओळींचं कडवं, त्यातल्या मधल्या ओळीचं यमक पुढच्या कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ उचलते, आणि अशी साखळी शेवटपर्यंत चालते.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा निर्णय बाहेरून वाटतो त्यापेक्षा धाडसी होता. दांते म्हणजे इटालियन भाषेचा पाया. आपल्याकडे ओवीला जे स्थान, तसं तिकडे या तीन ओळींच्या कडव्याला. शाळेत पाठ करून घेतात, थोरामोठ्यांच्या बोलण्यात त्याच्या ओळी येतात. त्या काव्यात परदेशी उंदीर नेऊन सोडायचा, तोही मुलांच्या साठ लिरांच्या मासिकात! पवित्र गोष्टीची टिंगल, असा आरोप सहज झाला असता. मार्तिनांनी टिंगल केली नाही. त्यांनी छंद इतका चोख पाळला की जाणकाराला आधी कारागिरी दिसावी आणि मग हसू यावं. मुलांनी चित्रं बघावीत आणि बापाने खालचे श्लोक मोठ्याने वाचून दाखवावेत, अशी ही रचना आहे. दोन पिढ्यांना एकाच पानावर बसवणारं कॉमिक मला फार थोडं माहीत आहे.

आणि याच कथेत एक अपवाद घडला. तोवर डिस्नेच्या कथांवर वॉल्ट डिस्ने एवढंच नाव असे. इथे श्लोकरचना मार्तिनांची, हे छापलं गेलं. नाव श्लोकांसाठी होतं, काव्य म्हटलं की कवी सांगावा लागतो म्हणून असेल. पण ते छापता येत होतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. हा तिसरा निर्णय. तो घेतला गेला आणि पुढच्या कथांना लावला मात्र गेला नाही.

काय झालं

अंक खपला. १९५२ मध्ये मासिकाचं पाक्षिक झालं, १९६० मध्ये साप्ताहिक. पानांची भूक दुप्पट झाली, मग चौपट. अमेरिकेतून येणारा ओघ त्याला पुरणारा नव्हता. त्यातच १९५५ मध्ये वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या तिकडच्या सिंडिकेटने मिकीच्या दैनिक पट्टीतल्या लांब साहसकथा थांबवून रोजचा एक विनोद सुरू केला. गॉटफ्रेडसन यांनी रंगवलेला हुशार, धाडसी, रात्री-अपरात्री गुन्हेगारांच्या मागावर जाणारा मिकी आपल्याच देशात थबकला.

तो इटलीत चालत राहिला. व्हेनिसचे रोमानो स्कार्पा त्याच धाटणीच्या रहस्यकथा लिहू आणि चितारू लागले. त्यांतल्या एकीच्या नावात कालीमातेचं नखही येतं. बदकांनाही त्यांनी नवे नातेवाईक आणि नवी दुखणी दिली. १९६० मध्ये त्यांनी ब्रिजित्ता आणली. डोनाल्डच्या कंजूष काकावर, स्क्रूजवर, जीव टाकणारी, त्याने शंभरदा हाकलली तरी परत येणारी बाई. या पात्राला जन्म देणारा देश अमेरिका नाही, हे आज कित्येक वाचकांच्या ध्यानातही येत नाही.

आकाराचा परिणाम चित्रातही उतरला. तीन ओळी, ओळीत साधारण दोन चौकटी, पानावर सहा. अमेरिकन पानावर आठ असत. चौकटी कमी म्हणून प्रत्येक चौकट मोकळी, आणि पानं जास्त म्हणून कथा लांब. बार्क्स यांच्या कितीतरी कथा दहा पानांत आटोपायच्या. इटलीत तीस पानं ही सहज गोष्ट झाली. तीस पानं मिळाली की लेखक उपकथानक आणतो, भांडण रंगवतो, एखादं पात्र उगाच रेंगाळू देतो. चित्रकार हातवारे मोठे काढतो. जेनोवाचे जोव्हान बात्तिस्ता कार्पी, रापाल्लोचे लुचियानो बोत्तारो, आणि पुढे स्कार्पांच्या चित्रांवर शाई चढवता चढवता स्वतः मोठे झालेले जोर्जो काव्हात्सानो, या सगळ्यांचा हात याच पानावर घडला.

या वाटेवरचं सर्वांत ठसठशीत फळ जून १९६९ मधलं. पापेरिनो, म्हणजे डोनाल्ड, प्रत्येक कथेत हरतो, मार खातो, काकाचं कर्ज फेडत बसतो. त्याला एकदा तरी जिंकू द्या, असं वाचकांना वाटत होतं. संपादकीय विभागातल्या एलिझा पेन्ना यांनी कल्पना मांडली, मार्तिनांनी लिहिली, कार्पींनी काढली. डोनाल्डला चुकून एक जुनी हवेली मिळते, तिथे फांतोमियुस नावाच्या सभ्य चोराची रोजनिशी सापडते, आणि तो मुखवटा चढवून रात्री छळाचा सूड घ्यायला निघतो. नाव पापेरिनिक. मिलानच्या जुस्सानी भगिनींनी १९६२ मध्ये आणलेल्या 'दियाबोलिक' या चोराची छाया त्या नावातही आहे. पहिल्या कथेतला डोनाल्ड खरंच सूडाने पेटलेला आहे, सज्जन मुळीच नाही. पुढे त्याला हळूहळू शहराचा रक्षक केलं गेलं. मला पहिला जास्त खरा वाटतो. वीस वर्षं एकाच घरात अपमान गिळणाऱ्या माणसाने मुखवटा चढवला तर तो आधी रक्षण करायला जाणार नाही.

इटलीबाहेरही पानांचा हा आकार पोचला. १९६७ मध्ये जर्मनीत आणि १९६८ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये तशाच छोट्या जाड पुस्तकमाला निघाल्या, आणि त्या मोठ्या प्रमाणावर इटालियन कथांवर चालल्या. पापेरिनिक जर्मनीत फांटोमियास झाला, फिनलंडमध्ये ताइकाव्हिट्टा. उत्तर युरोपात पिढ्याच्या पिढ्या इटालियनांनी रचलेला डोनाल्ड वाचत वाढल्या. अंकावर नाव वॉल्ट डिस्नेचं होतं, त्यामुळे तो अमेरिकेतूनच आला असणार असं मुलांना वाटणं साहजिक होतं.

वेगळं काय करता आलं असतं

आकार, संपादक, दांते: या तिन्ही ठिकाणी मला मोंदादोरीचं पाऊल बरोबर वाटतं. थोडी घाई झाली असेल ती काळ्यापांढऱ्या पानांत. रंगासाठी रचलेलं चित्र बिनरंगाचं छापलं की रात्र आणि दिवस सारखेच दिसतात, आणि रहस्यकथेत हे परवडत नाही. पण १९४९च्या इटलीत कागद आणि शाई दोन्हींचा हिशेब होता. त्याबद्दल दोष द्यायला मन होत नाही.

दोष नावांबद्दल आहे. १९४९ मध्ये मार्तिनांचं नाव छापून आकाश कोसळलं नव्हतं. तरी पुढे कित्येक दशकं हजारो पानांवर लेखक-चित्रकार निनावी राहिले. अमेरिकेतही हेच होतं. बार्क्स यांना वाचक 'तो चांगला बदकवाला चित्रकार' एवढंच म्हणत, आणि १९६०च्या आसपास काही चाहत्यांनी शोधून काढल्यावर त्यांचं नाव कळलं. इटलीत मुलं रेषेवरून ओळखत: हा कान असा काढतो तो एक, तो पंजा तसा काढतो तो दुसरा. ही ओळख लहान मुलांनी आपापली करावी आणि प्रकाशकाने करून देऊ नये, यात मला अन्याय दिसतो. मोबदला पानांवर ठरलेला, आणि पात्र कोणीही जन्माला घातलेलं असो, मालकी परवाना देणाऱ्याकडे. ब्रिजित्ताची कथा पाच देशांत छापली म्हणून स्कार्पांच्या घरी वेगळं काही यायचं नाही.

मालकीची अट बदलणं मोंदादोरीच्या हातात नव्हतं, हे मान्य. परवाना घेणाऱ्याने तेवढं ताणलं असतं तर परवानाच गेला असता. पण नाव छापायला पैसा लागत नव्हता. पहिल्या पानाच्या तळाशी दोन शब्द. मार्तिनांच्या श्लोकांच्या वेळी जी सवलत मिळाली, तीच पुढच्या करारात कायमची मागून घेता आली असती. त्यासाठी योग्य वेळ होती १९५२, पाक्षिक होतानाची. तेव्हा घरच्या कथांवाचून अंक निघणार नव्हता, म्हणजे घासाघीस करायला बळ होतं.

परवान्याची पात्रं वापरणाऱ्या कोणालाही हा प्रश्न येतो. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून वेताळ आणि मँड्रेक घरोघर नेले, मराठीतूनही. तिथे वेताळाच्या नव्या भारतीय कथा रचण्याची वाट धरली गेली नाही. १९७६ मध्ये बहादूर हा वेगळा, स्वतःचा नायक आणला गेला. त्या वाटेने पात्र आपलं राहतं, पण शून्यापासून वाचक जोडावा लागतो. मोंदादोरीच्या वाटेने वाचक पहिल्या दिवसापासून मिळतो, पात्र कधीच आपलं होत नाही. माझ्या हातात एखाद्या मराठी मुलांच्या मासिकाची शंभर पानं असती तर मी दोन्ही वाटा थोड्या थोड्या चालून पाहिल्या असत्या.

'टोपोलिनोचा नरक' २००६ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आला, डिस्ने कॉमिक्सच्या तिथल्या सर्वांत जुन्या मासिकात. त्यासाठी निवडलेला अंक होता ६६६वा, ख्रिस्ती परंपरेत सैतानाचा मानला जाणारा आकडा. मार्तिना १९९१ मध्ये गेले होते आणि बियोलेत्तो त्याच्याही आधी, १९८६ मध्ये.